नाशिकचं रूप नेमकं कोण ठरवतं? (रहाड, कपाट, दुतोंड्या मारुती वगैरे)

गोदाकाठचा_गण्या (धागाकर्ता) | शनिवार, रात्री ११:१०

मागच्या आठवड्यात पुण्याचा मावसभाऊ आला होता. मिसळ झाली, काळाराम झाला. तिवंधा चौकातून येताना मी सहज म्हणालो, "तू आत्ता हौदावर उभा आहेस." त्याने खाली बघितलं. खाली साधा रस्ता, मागे रिक्षावाला हॉर्न देतोय. त्याला वाटलं मी फेकतोय.

बाहेरच्यांसाठी सांगतो. जुन्या नाशकात पेशवेकाळापासून रहाडी आहेत. रहाड म्हणजे भर चौकात जमिनीत बांधलेला दगडी हौद, साधारण पंचवीस फूट लांब-रुंद आणि आठ-दहा फूट खोल. वर्षभर त्यावर जाड लाकडं आणि माती टाकून रस्ता चालू असतो. रंगपंचमीच्या आधी खणून उघडतात, पूजा करतात, रंग कालवतात आणि त्या दिवशी अख्खी पेठ त्यात उड्या मारते. त्या उडीला धप्पा म्हणायचं. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. तिवंध्याचा पिवळा, शनी चौकाचा गुलाबी. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा माती, पुन्हा रस्ता.

भाऊ ऑटोमोबाईल डिझायनर आहे. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "म्हणजे ३६४ दिवस रस्ता आणि एक दिवस तलाव? हे कुणी डिझाइन केलं?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय, म्हणून धागा.

सध्या सिंहस्थाची कामं चालू आहेत, त्यामुळे 'शहराची ओळख', 'ब्रँडिंग', 'सुशोभीकरण' हे शब्द रोज कानावर पडतात. हातात काय येतं? उड्डाणपुलाच्या खांबांवर चित्रं, चौकात मोठाल्या अक्षरांत शहराचं नाव आणि त्यापुढे सेल्फीची रांग. तिकडे युनेस्कोचं सर्जनशील शहरांचं जाळं २००४ पासून आहे. त्यात डिझाइनसाठी निवडलेली शहरं वेगळी असतात. ब्युनोस आयर्स पहिलं, मग बर्लिन, माँट्रियल, कोबे अशी मोठी यादी. भारतातून जयपूर हस्तकलेसाठी, वाराणसी आणि चेन्नई संगीतासाठी, हैदराबाद खाण्यासाठी, मुंबई सिनेमासाठी आहे. डिझाइनच्या खान्यात आपल्या देशाचं एकही शहर नाही.

नाशिकने त्या यादीत जावं असं माझं म्हणणं नाही, यादीत जाऊन नळाला पाणी जास्त येत नाही. माझा प्रश्न साधा आहे. या शहराचं रूप कशामुळे तसं झालं, आणि आता ते कोण ठरवतंय? कुठल्या वस्तूत, गल्लीत, नियमात तुम्हाला नाशिक दिसतं? द्राक्षं आणि चिवडा सोडून बोला, प्लीज.

---

मखमलाबादी | शनिवार, रात्री ११:२४

रुमाल टाकून ठेवतो. सकाळी लिहितो.

---

तिळभांडेश्वर | रविवार, सकाळी ७:४०

रहाडीवरून सुरुवात केलीस, जिंकलास. आमच्या आजोळी कुणी नवा पाहुणा आला की त्याला मुद्दाम रहाडीवर उभं करून हाच प्रयोग व्हायचा.

माझं उत्तर: ओटा. आमचा वाडा आता अर्धा पडलाय, पण ओटा शाबूत आहे. रस्त्यापासून तीन पायऱ्या वर, दगडी, कडेला दिवा ठेवायला देवळी. त्या ओट्यावर आजोबांची मित्रमंडळी बसायची, भाजीवाली टोपली टेकवायची, पावसात अडकलेला अनोळखी माणूस उभा राहायचा. मालकी आमची, वापर गल्लीचा. आतला चौक घरच्यांचा, ओटा सगळ्यांचा आणि दिंडी दरवाजा या दोन्हींच्या मधला. आता जिथे वाडा पडून इमारत होते तिथे खाली पार्किंग आणि लोखंडी गेट. गेटच्या आत वॉचमन, बाहेर गल्ली. मधलं काही उरलं नाही.

वाडे वाचवा म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्याकडे पावसाळ्यात राहायला या, ही विनंती. मालक एक, भाडेकरू सात, भाडं चहाच्या पैशाइतकं. तुळईला वाळवी लागलीय आणि दर जूनमध्ये नोटीस येते. सरकारवाडा सरकारी म्हणून टिकला, त्याचं कोरीव काम बघायला जाऊन या. आमच्याकडे तसंच कोरलेले दोन खांब आहेत, एकाला ताडपत्रीची दोरी बांधलीय.

---

नकाशावाला | रविवार, सकाळी ९:१५

पेशाने आर्किटेक्ट, इंदिरानगरमध्ये ऑफिस. रहाड, ओटा सगळं खरं आहे, पण गेल्या तीस वर्षांत नाशिकचा चेहरा कुणी घडवला असेल तर तो कपाटाने. हसू नका.

जुन्या बांधकाम नियमावलीत बाहेरच्या भिंतीला कपाटासाठी पुढे काढलेला भाग चटईक्षेत्रात (म्हणजे प्लॉटवर जेवढं बांधायची परवानगी त्यात) धरत नसत. हेतू चांगला होता, मध्यमवर्गाच्या छोट्या खोलीत कपाट मावावं. बिल्डर लोकांनी काय केलं? खोलीच्या लांबीभर 'कपाट' काढलं आणि मधली भिंतच घातली नाही. कागदावर कपाट, प्रत्यक्षात खोली दोन फूट मोठी. गिऱ्हाईक खूश, बिल्डर खूश. म्हणून गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत मधल्या काळातल्या बहुतेक इमारतींना खिडकीखाली आणि शेजारी त्या चौकोनी पेट्या चिकटवल्यासारख्या दिसतात. ही स्टाइल कुणा कलावंताला सुचलेली नाही, ती नियमावलीच्या एका ओळीतून आली.

मग दहा वर्षांपूर्वी पालिकेने पूर्णत्वाचा दाखला अडवला. हजारो इमारती लटकल्या. लोकांनी घराचे हप्ते भरले, पण दाखला नाही. तोडगा असा निघाला की ज्यांचा रस्ता सहा किंवा साडेसात मीटरचा आहे त्यांनी पुढची थोडी जागा सोडून रस्ता नऊ मीटरचा करायचा, म्हणजे जादा चटईक्षेत्र चढवता येतं आणि कपाट नियमित होतं. कपाटामुळे रस्ता रुंद झालेलं दुसरं शहर माझ्या तरी ऐकिवात नाही.

सांगायचा मुद्दा: शहराचं डिझाइन चित्रकार करत नाही. नियमावलीतलं अमुक कलम, तमुक सवलत, हेच करतं. डिसेंबर २०२० पासून राज्यभर एकच नियमावली लागू आहे (मुंबईसारखे काही अपवाद सोडून). आता नाशिक, सोलापूर, नांदेड सगळीकडे त्याच सवलती आणि त्याच बाल्कन्या. ओळख कुठून आणणार?

---

मेनरोडचा_शेट | रविवार, सकाळी ९:५०

नकाशावाला, लटकलेल्या इमारतीत आमचा फ्लॅट होता. चार वर्षं कागद घेऊन फिरलो. तुमच्या व्यवसायातल्याच एकाने नकाशा काढला होता, तेव्हा त्याला कपाट आणि खोलीतला फरक कळत नव्हता काय?

---

नकाशावाला | रविवार, सकाळी १०:०५

कळत होता शेट. मलाही कळत होता. मीही काढलेत तसले नकाशे. लपवत नाही.

---

पंचवटीकर | रविवार, दुपारी १२:३०

गण्या, तू रूप म्हणतोयस ते पंचवटीत गर्दी ठरवते. बारा वर्षांतून एकदा हे गाव फुगतं आणि प्रत्येक वेळी काहीतरी मागे ठेवून जातं. घाट, पूल, रिंग रोड, एसटीची स्टँडं, बरंचसं कुठल्या ना कुठल्या सिंहस्थातलं.

२७ ऑगस्ट २००३ ला मी नववीत होतो. आमचं घर सरदार चौकापासून हाकेच्या अंतरावर. शाही मार्गाची ती गल्ली उतरती, दोन्ही बाजूंना घरं, पुढे रामकुंडाकडे वळण. मिरवणूक बघायला थांबलेली आणि स्नानाला निघालेली गर्दी एकाच गल्लीत. वरून रेटा आला आणि खाली जागा नव्हती. ३९ माणसं गेली. आईने दार उघडून जमेल तेवढ्यांना आत घेतलं, आमच्या माजघरात अनोळखी बायका थरथरत बसल्या होत्या. त्यांच्यातली एक अजून दिवाळीला पत्र पाठवते.

त्यानंतर २०१५. सगळ्यांच्या डोक्यात २००३. पहिल्या शाही स्नानाला २९ ऑगस्टला इतके कठडे, इतके वळसे घातले की बाहेरून आलेला माणूस मैलोनमैल चालला आणि थकून परत गेला. घाट मोकळा, माणसं रस्त्यावर, दुकानदार माश्या मारत. बोंबाबोंब झाली, मग १३ सप्टेंबरच्या दुसऱ्या स्नानाला ढील दिली आणि ते नीट पार पडलं. एकाच गावात, एकाच नदीवर दोन्ही टोकं बघितली. आत जायची वाट आणि बाहेर पडायची वाट वेगळी पाहिजे, उतारावर गर्दी थांबता कामा नये, आणि वाट बंद केली तर पुढे काय आहे ते माणसाला आधीच कळलं पाहिजे. डिझाइन डिझाइन म्हणतात ते आमच्या लेखी एवढंच. खांबावर मोर काढा नाहीतर कमळ काढा.

त्या वेळी, २०१५ च्या आधी, एमआयटीच्या रमेश रासकरांनी (मूळचे नाशिकचेच) कुंभथॉन सुरू केलं होतं. पोरं गर्दी मोजायची यंत्रं, हरवलेल्यांसाठी अ‍ॅप वगैरे करत होती. चांगलं होतं. पण सरदार चौकाची रुंदी अ‍ॅपने वाढत नाही.

---

परदेशस्थ_सातपूरकर | रविवार, दुपारी १:१० (इकडे पहाट)

वाचून काटा आला, पंचवटीकर.

मी थोडा बाहेरचा दाखला देतो, शिव्या नंतर घाला. ब्राझीलमध्ये कुरितिबा नावाचं शहर आहे, दोन वर्षांपूर्वी कामानिमित्त जाणं झालं. २०१४ पासून ते युनेस्कोच्या डिझाइनवाल्या यादीत आहे. तिथे १९७१ ला जैमी लर्नर नावाचा आर्किटेक्ट महापौर झाला. शहराला पुराचा त्रास होता. नदीला भिंती घालून गटार करण्याऐवजी त्यांनी पूर येणाऱ्या सखल जमिनी घेतल्या आणि तिथे बागा, तळी केली. पाऊस आला की बाग बुडते, वस्ती वाचते. पाणी ओसरलं की पुन्हा बाग. गवत कापायला माणसं ठेवणं परवडेना म्हणून मेंढ्या सोडल्या. १९७४ पासून बसला स्वतंत्र मार्गिका आहेत, पुढे काचेच्या नळीसारखे थांबे आले. तिकीट आधीच काढायचं आणि बसच्या उंचीच्या फलाटावरून सरळ आत शिरायचं. मेट्रोला पैसे नव्हते, म्हणून हे सुचलं.

मला तिथे उभं राहून सारखं गोदापार्क आठवत होतं. आपणही नदीकाठी बाग केली. २०१६ च्या पुरात तिची काय दशा झाली ते मी व्हिडिओत बघितलं. फरक एवढाच की त्यांनी बुडायची बाग बांधली आणि आपण न बुडण्याची.

---

तिळभांडेश्वर | रविवार, दुपारी १:३२

शेवटचं वाक्य फ्रेम करून ठेवावं.
अवांतर: गोदापार्कात मेंढ्या सोडल्या तर संध्याकाळपर्यंत भद्रकालीत बिर्याणी होईल.

---

गोदाकाठचा_गण्या (धागाकर्ता) | रविवार, दुपारी २:०५

परदेशस्थ, 'बुडायची बाग' वरून दुतोंड्या मारुती आठवला. नाशिकबाहेरच्यांना हा प्रकार कळतच नाही. नदीपात्रात उभी असलेली ही भलीमोठी मूर्ती, पुढून आणि मागून तोंड. धरणातून इतके हजार क्यूसेक सोडले असं बातमीत येतं, त्यातलं आपल्या आजीला काही कळत नाही. पण मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं म्हटलं की सराफ बाजारातला माणूस तळघर रिकामं करायला लागतो. २०१६ आणि २०१९ ला मारुती पुरता बुडाला होता. त्याच्याही वर दुसरी खूण म्हणजे नारोशंकराच्या देवळाची घंटा. १७३९ ला वसई घेतल्यावर पोर्तुगीजांची घंटा आली, ती १७४७ च्या देवळावर बसवली, आणि पुढच्या पिढ्यांनी तिची पूररेषा केली. घंटेला पाणी लागलं म्हणजे गावात महापूर.

पुराच्या निळ्या-लाल रेषा नकाशावर आखायच्या कितीतरी आधी या गावाने पाणी मोजायची सोय मूर्तीत आणि घंटेत करून ठेवली. ही माझ्या मते नाशिकची सगळ्यात चांगली 'साइनेज'. अक्षर एकही नाही.

---

सिडको_त्रिमूर्ती | रविवार, सायंकाळी ५:२०

सगळा धागा वाचला. तुम्हा सगळ्यांचं नाशिक रविवार कारंज्यापासून रामकुंडापर्यंत संपतं काय हो? ओटा, रहाड, घंटा. आमच्याकडे पवननगर, उत्तमनगर, त्रिमूर्ती चौक आहे, आणि निम्मं गाव तिथे राहतं. त्याचं रूप कुणी मोजणार?

सिडकोने इकडे सहा योजना काढल्या. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत लागलेल्या कामगारांना परवडतील अशी छोटी घरं. आमच्या वडिलांना मिळालं ते एक खोली, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम आणि पुढे-मागे थोडी मोकळी जागा. भाऊ शाळेत गेला तेव्हा मागची जागा झाकली. बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा वर स्लॅब पडला. माझं लग्न झालं तेव्हा दुसरा मजला. जिना आत बसेना, तो बाहेर, गल्लीत. शेजाऱ्याचाही बाहेर. आता समोरासमोरचे जिने एकमेकांना हात लावतात आणि अ‍ॅम्ब्युलन्स कोपऱ्यावर थांबते.

हे अतिक्रमण आहे, मला मान्य आहे. पण आमच्या गल्लीत एक घर दुसऱ्यासारखं नाही. कुणाची महिरप, कुणाच्या कठड्यावर सिमेंटचे हंस, कुणाचा अख्खा दर्शनी भाग बाथरूमच्या टाइल्सचा. ज्याच्या घरात जेवढी माणसं आणि जेवढी ओव्हरटाइम, तेवढं घर. आमच्या डिझाइनला कुणी बक्षीस देणार नाही, पण नाशिकचं गेल्या चाळीस वर्षांचं चरित्र लिहायचं तर या जिन्यांवरून लिहा.

---

नकाशावाला | रविवार, सायंकाळी ५:४१

धाग्यातला सगळ्यात चांगला प्रतिसाद. आम्हाला कॉलेजात 'वाढतं घर' ही संकल्पना परदेशी उदाहरणं देऊन शिकवली. उदाहरण सायकलने जाण्याच्या अंतरावर होतं.

एकच म्हणतो. जिना बाहेर येणार हे पहिल्या दिवशी माहीत असायला हवं होतं. नकाशा काढणाऱ्याने तेव्हाच तीन फूट जागा जिन्यासाठी म्हणून सोडली असती तर आज अ‍ॅम्ब्युलन्स आत गेली असती. घर वाढणार हे गृहीत धरलं, माणूस वर कसा चढणार हे धरलं नाही.

---

सत्तरीतला_तरुण | रविवार, सायंकाळी ६:३०

मी रोज अशोकस्तंभ ते त्र्यंबक नाका चालतो. तोच तो स्मार्ट रोड, १.१ किलोमीटर. सप्टेंबर २०१६ ला नाशिकचं नाव स्मार्ट सिटीच्या यादीत आलं त्यानंतरचं गाजलेलं काम. करायला किती वेळ लागला ते इथल्या प्रत्येकाने भोगलं आहे, त्यावर पुन्हा नको.

मी फक्त फुटपाथबद्दल बोलतो. रुंद आहे, गुडघ्यांना बरं वाटतं, हे आधी कबूल करतो. सायकलसाठी ठेवलेल्या पट्ट्यावर मोटारसायकली उभ्या असतात, त्यामुळे सायकलवाला रस्त्यावर आणि मी मोटारसायकलींमधून. एका ठिकाणी उतार असा दिला आहे की व्हीलचेअर उतरून थेट दिव्याच्या खांबासमोर येते. मागच्या महिन्यात हिला घेऊन गेलो होतो (हिची कंबर मोडल्यापासून खुर्ची लागते). खांबापाशी थांबलो. एक कॉलेजचा मुलगा आला, खुर्ची उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाला, "काका, इथे रोज कुणीतरी अडकतं."

ज्याने उतार काढला आणि ज्याने खांब लावला ते दोघं एकमेकांना कधी भेटले नसावेत.

---

मेनरोडचा_शेट | रविवार, रात्री ८:००

काका, खांबाचं अगदी पटलं.

पाट्यांवर कुणीच बोललं नाही, तर मी बोलतो, कारण उद्या कुणीतरी जपानचं उदाहरण घेऊन येणारच. म्हणून मीच आणतो. क्योतोने २००७ ला नियम केले, गावाच्या मध्यभागी इमारतीची उंची ४५ मीटरवरून ३१ वर आणली, गच्चीवरच्या जाहिराती आणि लुकलुकणाऱ्या पाट्या बंद. मुलगा जाऊन आला, फोटो दाखवले. सुंदर आहे. पण मेनरोडवर माझी पाटी शेजाऱ्यापेक्षा लहान झाली की माझं गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे जातं, हे सोपं गणित आहे. सगळ्यांच्या एकाच दिवशी लहान करा, मी पहिला पाटी उतरवतो. एकट्याला नोटीस देऊन नका सांगू.

आणि पाट्या काढल्यावर खाली काय निघेल माहीत आहे? आमच्या दुकानाची फ्लेक्सची पाटी बदलताना मागे सागवानी सज्जा निघाला. कोरलेले मोर. तीस वर्षं आम्ही त्याच्यावर खिळे मारत होतो.

---

तिळभांडेश्वर | रविवार, रात्री ८:१२

शेट, फोटो टाका!!

---

मेनरोडचा_शेट | रविवार, रात्री ८:२०

परत पाटी लावली. दिवाळीचा सीझन होता.

---

लेणीवेडा | रविवार, रात्री १०:४५

उशिरा आलो. "हे कुणी डिझाइन केलं?" या मूळ प्रश्नाला एक जुना पुरावा जोडतो.

पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्याच्या ओसरीत उषवदाताचा लेख आहे. हा क्षत्रप नहपानाचा जावई, काळ सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्यात त्याने कुठे काय बांधलं याची यादी दिली आहे. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा इथे मुक्कामाच्या चौसोपी धर्मशाळा, बागा, तळी, विहिरी. काही नद्यांवर लोकांना पार जायला फुकट नावा. आणि त्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर बसायला सभा आणि पाणपोया. यातलं गोवर्धन म्हणजे आपलं गंगापूरजवळचं गोवर्धन. शेजारच्या लेखात तर गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे (म्हणजे व्यावसायिक संघांकडे) ३००० कार्षापण नाणी ठेव म्हणून ठेवली आणि त्यातल्या २००० च्या व्याजातून भिक्षूंच्या चिवरांचा, म्हणजे वस्त्रांचा, खर्च भागवायचा अशी व्यवस्था आहे.

'दोन्ही तीरांवर' या दोन शब्दांवर माझा जीव आहे. नाव सुटते तिथे पाणी आणि सावली, नाव लागते तिथेही पाणी आणि सावली. म्हणजे वाट बघणारा माणूस त्याने डोळ्यांसमोर आणला होता. आजच्या किती बसथांब्यांवर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेड आहे, उद्या जाता-येता बघा. बहुतेक ठिकाणी शहराकडे येणाऱ्या बाजूला एक, आणि परत जाणारा उन्हात.

---

पंचवटीकर | रविवार, रात्री ११:२०

वा लेणीवेडा. आता कुंडांचं सांगतो आणि झोपतो, कारण हा विषय काढला की मला झोप लागत नाही.

रामकुंडाच्या पुढे-मागे लक्ष्मण, सीता, धनुष्य, अहिल्यादेवी अशी कुंडांची माळ आहे. नदी इथे दक्षिणेकडे वळते, म्हणून अस्थी इथेच. आमचे आजोबा सांगायचे की कुंडांच्या तळाला जिवंत झरे होते, उन्हाळ्यात नदी आटली तरी कुंडात पाणी. २००३ च्या सिंहस्थाच्या तयारीत तळाला काँक्रीट ओतलं. स्नानाला आलेल्याचा पाय घसरू नये, गाळ काढायला सोपं जावं, हेतू वाईट नव्हता. पण तळ बंद झाला. मग धरणातून पाणी सोडल्याशिवाय कुंड भरेना. लोक कोर्टात गेले, वर्षानुवर्षं भांडले, आणि मग तेच काँक्रीट फोडायला काढलं. ओतायला पैसे, फोडायला पैसे.

---

परदेशस्थ_सातपूरकर | सोमवार, पहाटे २:०५

पण पंचवटीकर, अहमदाबादच्या साबरमतीसारखा सरळ घाट दोन्ही बाजूंना बांधला असता तर गर्दीचा तुमचाच प्रश्न सुटला नसता का? लांबलचक काठ, माणूस पसरतो.

---

पंचवटीकर | सोमवार, सकाळी ६:५०

नसता सुटला. लोकांना गोदावरीत कुठेही नाही, रामकुंडात डुबकी मारायची असते. काठ दहा किलोमीटर बांधा, गर्दी त्याच शंभर पावलांत येणार. २०१५ ला पुढचे नवे घाट बांधले होते, बाहेरगावचा माणूस तिथे उभं राहून विचारायचा, "रामकुंड कुठे?" श्रद्धेचा नकाशा वेगळा असतो, इंजिनियरचा वेगळा. आणि बुधवारचा बाजार? घाटाच्या त्या वेड्यावाकड्या मोकळ्या जागेत दर आठवड्याला भाजी, मसाले, भांडी, कोंबड्या सगळं मांडलं जातं. सरळ चकचकीत काठावर त्या बायकांना कोण बसू देईल?

---

मखमलाबादी | सोमवार, सकाळी ७:३०

रुमाल उचलतो. लिहायला बसलो होतो, सगळं लिहून झालंय. फक्त तपोवनातली झाडं राहिली. साधुग्रामासाठी ती तोडायची म्हटल्यावर गेल्या वर्षी किती माणसं रस्त्यावर उतरली बघितलंत ना? त्यातले निम्मे सिडको-सातपूरचे होते, कधी तपोवनात फिरायलाही न जाणारे. गण्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात कुठेतरी आहे. कोण ठरवतंय ते माहीत नाही, पण काय नको हे लोक ठरवायला लागलेत.

---

सिडको_त्रिमूर्ती | सोमवार, सकाळी ८:१५

मी होतो तिथे. फिरायलाही जातो बरं का.

---

गोदाकाठचा_गण्या (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. भावाला लिंक पाठवली, त्याचं उत्तर आलं: "कपाटाचा भाग दोनदा वाचला."

सत्तरीतले काका, तुमच्या खांबावरून एक डोक्यात आलंय. ऑक्टोबर २०२६ च्या शेवटी रामकुंडावर ध्वजारोहण आहे, म्हणजे पुढच्या वर्षीच्या स्नानांची उलटी गणती सुरू. त्याआधी आपणच एकदा तपोवन ते रामकुंड चालून बघू. भाषणं नाहीत, निवेदन नाही. वही, टेप आणि पाण्याची बाटली. कुठे वाट आवळते, कुठे सावली संपते, कुठे पायरीला कठडा नाही, एवढं लिहून काढू. नकाशावाला नकाशा काढेल.

---

नकाशावाला | सोमवार, रात्री ९:४४

काढतो. कपाटं न घालता.

---

पंचवटीकर | सोमवार, रात्री ९:५०

सरदार चौकात आमच्याकडे चहा. आईला सांगून ठेवतो, तिला माणसं आत घ्यायची सवय आहे.

---

सत्तरीतला_तरुण | सोमवार, रात्री १०:१०

येत्या रविवारी चालेल का? सकाळी साडेसहा, ऊन चढायच्या आत. हिलाही आणतो, दोन वर्षं झाली रामकुंड बघितलं नाही म्हणते. पायऱ्यांपाशी खुर्चीला चौघे लागतील, तेवढे हात वर करा.

---

सिडको_त्रिमूर्ती | सोमवार, रात्री १०:१२

एक.

---

मेनरोडचा_शेट | सोमवार, रात्री १०:१५

दोन. आणि मुलगा धरून तीन.